गिअरबॉक्सचे मागचे ऑइल सील : गळतीचे कारण आणि बदलण्याची रीत

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्समधून निघालेली शक्ती प्रोपेलर शाफ्टमार्फत मागच्या डिफरन्शियलपर्यंत जाते. हा शाफ्ट गिअरबॉक्समध्ये जेथे शिरतो, तेथे रबरी ओठाची एक कडी बसवलेली असते. तीच मागची ऑइल सील. गोव्यातील जुन्या अँबॅसिडर आणि पद्मिनी टॅक्सी, २०१९मध्ये उत्पादन थांबलेली ओम्नी आणि आजही विकली जाणारी ईको या साऱ्या याच रचनेच्या. तुये औद्योगिक वसाहतीकडे माल नेणाऱ्या किंवा मोपा विमानतळाचे भाडे मारणाऱ्या अशा गाड्यांना हा विषय परका नाही.

गळती लहान वाटते, पण तिची नोंद घेणारा दिवा अशा गाड्यांच्या डॅशबोर्डवर सहसा नसतो. इंजिन ऑइलसाठी तो असतो, गिअर ऑइलसाठी नाही. त्यामुळे तेल संपत आल्याचे गिअरबॉक्समधील बेअरिंगचा आवाज सुरू झाल्यावरच कळते, आणि तोवर काही शेकड्यांच्या सीलचे काम काही हजारांवर गेलेले असते.

आधी तेल कोणते आणि कुठून, हे ठरवावे. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो. मागची सील फुटली असेल, तर फिरता शाफ्ट तेल भिरकावतो आणि गाडीच्या तळाला त्याचा पट्टा दिसतो. इंजिन व गिअरबॉक्स यांच्या जोडापाशी थेंब पडत असतील, तर दोष पुढच्या सीलचा किंवा इंजिनचा असतो. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मागच्या सीलसाठी तो बहुधा जागेवरच राहतो.

गाडी सपाट जागी, भक्कम स्टँडवर घ्यावी. शाफ्ट काढल्यानंतर गाडी गिअरमध्ये ठेवून उपयोग नाही, कारण गिअरचा चाकांशी संबंधच तुटलेला असतो. काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेकही गिअरबॉक्सच्या मागेच असतो. चाकांना ओट लावावीच. डिफरन्शियलच्या फ्लँजवर आणि शाफ्टवर खूण करून मगच बोल्ट सोडावेत. खूण चुकली तर गाडी वेगात थरथरू शकते. तेल आधी काढून घ्यावे, नाहीतर शाफ्ट ओढताच ते अंगावर येते.

जुनी सील उचकटताना घराला ओरखडा पडू देऊ नये. यानंतरची पायरी मेकॅनिक अनेकदा गाळतात, आणि सील काही महिन्यांत पुन्हा गळते. शाफ्टच्या टोकाच्या गुळगुळीत भागावरून नख फिरवावे. नख अडकले, तर तेथे खाच पडली आहे. टोक पुन्हा आत सरकवून वर-खाली हलवून पाहावे. जास्त खेळ असेल, तर बुश झिजले आहे. गिअरबॉक्सचा हवा सोडणारा ब्रीदर लाल मातीने बुजला असेल, तर आतला दाब तेल बाहेर ढकलतो. ही कारणे तशीच ठेवून नवी सील ठोकणे म्हणजे निव्वळ मजुरी वाया घालवणे.

नव्या सीलच्या ओठाला तेल लावून, स्प्रिंगची बाजू आत ठेवून, तेवढ्याच व्यासाच्या नळीने ती सरळ बसवावी. पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे तेल भरण्याच्या छिद्राच्या काठापर्यंत भरावे. काढलेले तेल गटारात किंवा मळ्यात ओतू नये. पावसाच्या पाण्याबरोबर ते विहिरीत आणि शेवटी शापोरा नदीत जाते. ते बंद डब्यात साठवून परवानाधारक संकलकाकडेच द्यावे.