स्कूटर पळते, हवा अडवते

शाळेच्या फाटकाबाहेर एखादी स्कूटर उभी असली, की तिच्याभोवती जमलेल्या मोठ्या मुलांचे बोलणे ऐकण्यासारखे असते. 'सायलेन्सर मोकळा केला की गाडी दहाने जास्त पळते', 'जेट बदलला की झाले!' असे तोडगे तेथे आत्मविश्वासाने सांगितले जातात. यातले कोणते खरे? उत्तर शोधायचे तर पाऊणशे वर्षांपूर्वी इटलीत लागलेली एक चुरस तपासून पाहावी.

दुसऱ्या महायुद्धात पोंतेदेरा येथील पियाज्जिओ कंपनीचा विमान कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर विमानांना मागणी नव्हती. लोकांना हवे होते स्वस्त वाहन. ते काम हेलिकॉप्टरचे अभियंते कोर्रादिनो दास्कानिओ यांच्याकडे आले. त्यांनी रचलेल्या 'व्हेस्पा'चे पेटंट एप्रिल १९४६ मध्ये नोंदवले गेले. तिचे पुढचे चाक एकाच बाजूने धरलेले होते. ही कल्पना विमानाच्या चाकावरून आलेली. इंजिन ९८ घनसेंमीचे, शक्ती ३.२ अश्वशक्ती, वेग ताशी सुमारे ६० किलोमीटर. पुढच्याच वर्षी मिलानच्या इनोचेंती कंपनीने 'लॅम्ब्रेटा' आणली. ही दोन्ही घराणी आपल्या ओळखीची आहेत. लॅम्ब्रेटा मुंबईत एपीआय कंपनीने बनवली, तर पुण्याच्या बजाजने १९७१ पर्यंत पियाज्जिओच्या परवान्याने व्हेस्पा बनवली.

इटलीत या दोघींची स्पर्धा विक्रमांच्या मैदानात उतरली. ९ फेब्रुवारी १९५१ रोजी रोम-ओस्तिया मार्गावर दीनो माझोन्चिनी या चालकाने १२५ घनसेंमीच्या खास व्हेस्पावर एक किलोमीटर अंतर ताशी १७१.१०२ किलोमीटर वेगाने कापले. या गाडीचे नाव होते 'सिलूरो', म्हणजे पाणतीर. तिच्या इंजिनाची शक्ती होती १७.२ अश्वशक्ती.

येथे थोडे गणित करू. गाडीचा वेग दुप्पट केला, की दर सेकंदाला दुप्पट हवा बाजूला सारावी लागते आणि तीही दुप्पट वेगाने. म्हणून हवेचा रोध चौपट होतो. शक्ती म्हणजे रोध गुणिले वेग. म्हणून लागणारी शक्ती आठपट होते. थोडक्यात, हवेशी झुंजायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. टायरचे घर्षण इतक्या झपाट्याने वाढत नाही, म्हणून ढोबळ हिशेबात ते सोडून देऊ.

६० वरून १७१, म्हणजे वेग २.८५ पट. त्याचा घन सुमारे २३. पहिल्या व्हेस्पाच्याच आकाराची गाडी १७१ ने पळवायची, तर ३.२ गुणिले २३, म्हणजे सुमारे ७४ अश्वशक्ती हवी. सिलूरोकडे होती फक्त १७.२! उरलेली शक्ती कोठून आली?

ती आलीच नाही. तिची गरजच उरली नाही. हे यश गाडीच्या आवरणाचे. साध्या स्कूटरचा पुढचा सपाट पत्रा, चालकाचे गुडघे, छाती या साऱ्यांवर हवा आपटते. त्याहून वाईट म्हणजे चालकाच्या पाठीमागे ती भोवरे करत राहते आणि तेथे कमी दाबाचा पट्टा तयार होतो. हा पट्टा गाडीला मागे ओढतो. सिलूरोचे आवरण माशासारखे, मागे निमुळते होत गेलेले होते. त्यामुळे दुभंगलेली हवा मागे अलगद पुन्हा जुळत असे. वरच्या हिशेबानुसार तिचा हवेतील अडथळा मूळ गाडीच्या जवळजवळ एक चतुर्थांशावर आला असला पाहिजे. विमानांवर काम केलेल्या कारखान्याला ही विद्या नवी नव्हती.

आता इंजिनाकडे वळू. शक्ती ५.४ पट झाली ती कशी? इंजिनाचे आकारमान ९८ वरून १२५ झाले, म्हणजे सुमारे १.३ पट. मिनिटाचे फेरे ४,५०० वरून ९,५०० वर गेले, म्हणजे २.१ पट. या दोहोंचा गुणाकार साधारण २.७. याचा अर्थ, प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक घनसेंमीने पूर्वीच्या दुप्पट काम केले. हे साधण्यासाठी सिलिंडरमध्ये ताजे मिश्रण अधिक भरले पाहिजे आणि जळालेला वायू झटपट बाहेर गेला पाहिजे. लॅम्ब्रेटाने त्यासाठी सरळ मार्ग धरला: पंपाने मिश्रण दाबून भरायचे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रोमोलो फेर्री या चालकाने जर्मनीतील म्युनिक-इंगोलश्टाट महामार्गावर ताशी २०१ किलोमीटरचा वेग गाठला.

पंपाशिवाय हेच साधले पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याच्या वॉल्टर काडेन यांनी. टू-स्ट्रोक इंजिनात जळका वायू बाहेर पडताना त्याच्यामागून थोडे ताजे मिश्रणही निसटते. काडेन यांनी धुराच्या नळीलाच पंप बनवले. नळी आधी रुंद होत जाते, मग पुन्हा अरुंद. धुराच्या दाबाची लाट रुंद भागात पोहोचली, की तिचा प्रतिध्वनी शोषणलाट होऊन परत येतो आणि जळका वायू ओढून घेतो. अरुंद भागातून परतणारी दाबलाट, द्वार मिटण्याच्या बेतात असताना, निसटलेले मिश्रण पुन्हा आत ढकलते. १९६१ मध्ये त्यांच्या १२५ घनसेंमीच्या इंजिनाने २५ अश्वशक्ती गाठली, म्हणजे लिटरला २००. त्याच वर्षी त्यांचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेत पळून सुझुकीला मिळाला आणि १९६२ मध्ये सुझुकीच्या ५० घनसेंमीच्या चिमुकल्या गाडीवर जगज्जेता ठरला.

आता फाटकाबाहेरचे तोडगे पुन्हा पाहू. टू-स्ट्रोक गाडीची धुराची नळी हा इंजिनाचाच एक भाग आहे. ती उघडी केली, की परतणाऱ्या लाटा जातात आणि शक्ती बहुधा घटते. वाढतो तो आवाज, आणि कान त्यालाच वेग समजतात. जेटची गोष्ट आणखी धोक्याची. मोठा जेट पेट्रोल जाळतो, धूर करतो. उलट मिश्रण फार पातळ झाले, तर पेट्रोलबरोबर येणारे तेलही कमी पडते. दट्ट्या तापून सिलिंडरमध्ये अडकतो आणि भर रस्त्यात मागचे चाक जागच्या जागी थांबते.

शिवाय वेग वाढला, तरी ब्रेक तेच राहतात. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६० ऐवजी ८५ ने जाणाऱ्या स्कूटरला थांबायला दुप्पट अंतर लागते. सिलूरोला समोरून येणारी बैलगाडी चुकवायची नव्हती. तिच्यासाठी रस्ता मोकळा ठेवला होता. उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत असे मूलभूत फेरफार करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने मनाई आहे, ती याचसाठी.

प्रदूषणाच्या नियमांमुळे टू-स्ट्रोक स्कूटर आता नव्याने बनत नाहीत. फोर-स्ट्रोक आणि विजेच्या स्कूटर आल्या. हवेचा नियम मात्र बदललेला नाही. वर्गात एक उदाहरण घालून पाहावे: विजेची स्कूटर ४० ऐवजी ६० ने चालवली, तर दर किलोमीटरला हवेशी झुंजण्यात किती पट ऊर्जा खर्च होईल? मुले आधी दीडपट म्हणतील. त्यांना रोध वेगाच्या वर्गाप्रमाणे मांडायला सांगा. उत्तर सव्वादोन पट येईल. एकदा हा आकडा स्वतः काढला, की बॅटरी घर गाठण्याआधीच का संपते हे मुलांना आपोआप उमगेल. मग सायलेन्सर मोकळा करण्याआधी एखादा तरी विद्यार्थी कागद-पेन्सिल हातात घेईल.