दिव्यांग अनुदान आणि स्वयं-पाठपुरावा (पेण व रोहा तालुके)

दिव्यांगांचा स्वयं-पाठपुरावा म्हणजे प्रमाणपत्र, अनुदान किंवा निधी यांविषयीची मागणी दिव्यांग व्यक्तीने स्वतःच्या नावाने मांडणे आणि निकाल लागेपर्यंत ती स्वतः लावून धरणे. या कामी तिला मिळणारी मदत वकिलीपेक्षा आणि दलालीपेक्षा वेगळी मानली जाते. मदतनीस अर्ज वाचून दाखवतो, लिहून देतो, कार्यालयात सोबत जातो. परंतु काय मागायचे, कशावर समाधान मानायचे आणि तक्रार केव्हा मागे घ्यायची, हे ठरवण्याचा अधिकार अर्जदाराकडेच राहतो. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्यांत या मदतीला विशेष महत्त्व आहे, कारण तेथील दिव्यांग व्यक्तीला मिळू शकणारे लाभ तहसील कार्यालय, ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद, शासकीय रुग्णालय आणि अलिबाग येथील जिल्हा परिषद अशा वेगवेगळ्या ठिकाणी विभागलेले आहेत.

संज्ञा आणि पार्श्वभूमी

१९९५ च्या केंद्रीय कायद्यासाठी मराठीत 'अपंग' हा शब्द रूढ होता. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि पुढे तो शासकीय व्यवहारात आला. या शब्दावर चळवळीतील अनेकांनी आक्षेप घेतला. अडचण शरीरात नसून पायऱ्या, कागद आणि दृष्टिकोन यांत आहे, तिला दैवी रंग देऊन प्रश्न सुटत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. अर्ज आणि शासन निर्णय यांत मात्र आता 'दिव्यांग' हाच शब्द आढळतो.

स्वतःची बाजू स्वतः मांडण्याच्या संघटित चळवळीचा उगम बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींमध्ये झाला. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये अशा व्यक्तींच्या सभा भरू लागल्या आणि १९७४ मध्ये अमेरिकेतील ओरेगन राज्यात 'पीपल फर्स्ट' ही संघटना उभी राहिली. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेल्या दिव्यांग हक्क करारावर या विचाराचा ठसा आहे. भारताने तो १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था स्थापन केली. स्वतः चाकाच्या खुर्चीवरून काम करणाऱ्या व्यक्तीने संस्था उभारून चालवणे, हे त्या काळात अपवादात्मक होते. बच्चू कडू यांच्या 'प्रहार'ने पुढे रस्त्यावरच्या आंदोलनाचा मार्ग धरला. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग निर्माण झाला.

परदेशांतील या विषयावरचे लेखन महाराष्ट्राला जसेच्या तसे लागू पडत नाही. ऑस्ट्रेलियात २०१३ च्या कायद्यानुसार प्रत्येक पात्र व्यक्तीच्या गरजा पाहून तिचा स्वतंत्र खर्चाचा आराखडा ठरतो आणि वाद त्या आराखड्यात काय बसते यावर होतो. येथे मासिक रक्कम ठरावीक असते. वाद होतो तो व्यक्ती यादीत बसते की नाही यावर, आणि एकदा बसल्यावर ती यादीत टिकते की नाही यावर.

प्रमाणपत्र

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले असून बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व असावे लागते. वैश्विक ओळखपत्रासाठी अर्ज ऑनलाइन करता येतो, तपासणीला मात्र स्वतः जावे लागते. ओळखपत्रावरील पांढरी पट्टी ४० टक्क्यांखालील, पिवळी ४० ते ८० टक्क्यांमधील आणि निळी ८० टक्के व त्यावरील दिव्यांगत्व दर्शवते.

पेण व रोहा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, परंतु जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. पेणहून वडखळमार्गे अलिबाग सुमारे ३० किलोमीटर आहे. रोहेकरांना नागोठणे-वडखळ मार्गाने किंवा चणेऱ्याकडून साळाव पूल ओलांडून रेवदंड्यावरून जाता येते. पेण आणि रोहा ही दोन्ही लोहमार्गावरील स्थानके आहेत, परंतु अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. त्यामुळे चालता न येणाऱ्या व्यक्तीपुढे एसटी किंवा खासगी वाहन एवढाच पर्याय उरतो. एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, पण ती मिळण्यासाठी आधी प्रमाणपत्र हवे. म्हणजे ज्या फेरीसाठी सवलतीची सर्वाधिक गरज असते, ती पहिली फेरी पूर्ण भाड्यानेच होते. सोबत येणाऱ्या नातेवाइकाची त्या दिवसाची मजुरी बुडते, ती वेगळीच. तज्ज्ञ गैरहजर असल्यास किंवा एखादा कागद कमी पडल्यास हाच खर्च दुसऱ्यांदा होतो. म्हणून तपासणीचा वार, हजर असणारे तज्ज्ञ आणि आवश्यक कागद यांची आगाऊ खात्री करून घेणे, हे साहाय्याचे पहिले काम ठरते. हे काम किरकोळ वाटले, तरी अनेक अर्ज येथेच अडतात.

२०१७ च्या नियमांत प्रमाणपत्र देण्यासाठी एक महिन्याची मुदत होती. ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिने झाली. दोन वर्षांत निर्णय न झालेला अर्ज निष्क्रिय ठरून नव्याने करावा लागतो, अशीही तरतूद त्याच दुरुस्तीत आहे. अर्जाचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवण्याचे महत्त्व त्यामुळे वाढले आहे. ठरवलेली टक्केवारी मान्य नसल्यास अधिनियमाच्या कलम ५९ नुसार अपील करता येते.

मासिक अनुदान

संजय गांधी निराधार अनुदान योजना राज्यात १९८० पासून चालू आहे. तिचा अर्ज तालुक्याच्या तहसील कार्यालयात होतो आणि तालुकास्तरीय समिती त्यावर निर्णय घेते. ६५ वर्षांनंतर लाभार्थी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेकडे वळतो. दारिद्र्यरेषेखालील आणि ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना आहे. तिच्यातील केंद्राचा वाटा ३०० रुपये असून उरलेली रक्कम राज्य देते.

संजय गांधी योजनेचे अनुदान २०१९ मध्ये ६०० वरून १००० रुपये, जुलै २०२३ पासून १५०० रुपये आणि दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २५०० रुपये झाले. त्यापूर्वी जून २०२५ मध्ये बच्चू कडू यांनी अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरी येथे उपोषण केले होते. दिव्यांगांना दरमहा ६००० रुपये मिळावेत, ही त्यांच्या मागण्यांपैकी एक होती. या वाढीला कायद्याचाही एक संदर्भ आहे, त्याची चर्चा क्वचित होते. अधिनियमाच्या कलम २४ नुसार दिव्यांगांना दिले जाणारे साहाय्य इतरांसाठीच्या तत्सम योजनांपेक्षा किमान २५ टक्क्यांनी अधिक असले पाहिजे. सर्वांना १५०० रुपये मिळत असताना या हिशेबाने दिव्यांगांची रक्कम किमान १८७५ रुपये झाली असती. २०१७ पासून कायद्यात असलेला हा फरक प्रत्यक्ष रकमेत उतरायला आठ वर्षे लागली.

दिव्यांग अर्जदारासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला सुमारे ४,१६७ रुपये. पेणच्या गणपती कारखान्यांतील हंगामी मजुरी असो किंवा रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी काम असो, घरात एक जरी नियमित कमावता असला तरी ही मर्यादा सहज ओलांडली जाते. परिणामी दिव्यांग व्यक्तीचा स्वतःचा पैसा घरातल्या इतरांच्या कमाईवर अवलंबून राहतो. अनुदान मंजूर झाल्यावरही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि रक्कम थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. बोटांचे ठसे न उमटणे, खाते निष्क्रिय होणे किंवा दाखल्याची मुदत चुकणे यांपैकी कोणत्याही कारणाने अनुदान थांबू शकते. लाभार्थ्याला ते बहुधा बँकेत गेल्यावरच कळते. कातकरी वाड्यांतील कुटुंबे वीटभट्टीच्या हंगामात महिनोन्महिने गावाबाहेर असतात, त्यामुळे त्यांच्याबाबत ही शक्यता अधिक असते.

पाच टक्के निधी

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगरपरिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करणे अपेक्षित आहे. १९९५ च्या कायद्याच्या काळात हे प्रमाण तीन टक्के होते. पेण शहरात तो पेण नगरपरिषदेकडे, रोहा शहरात रोहा अष्टमी नगरपरिषदेकडे आणि गावांत ग्रामपंचायतीकडे मागावा लागतो.

टक्केवारी सगळीकडे एकच असली तरी रक्कम एकसारखी नसते. कारखान्यांकडून कर मिळणाऱ्या ग्रामपंचायतीचे पाच टक्के आणि केवळ घरपट्टीवर चालणाऱ्या डोंगराळ गावाचे पाच टक्के यांत मोठी तफावत पडते. शेजारच्या गावात व्हीलचेअर मिळाली आणि आपल्या गावात मिळाली नाही, यामागे नेहमी अन्याय असतोच असे नाही; मात्र वर्षअखेर निधी अखर्चित राहिला किंवा दुसरीकडे वळवला गेला, तर तो नक्कीच अन्याय आहे. दोहोंतला फरक कळण्यासाठी ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न किती, त्याचे पाच टक्के किती आणि खर्च कोणावर झाला, या तीन आकड्यांची गरज असते. ते ग्रामसभेत विचारता येतात. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे. सभा पायऱ्या चढून जाव्या लागणाऱ्या सभागृहात असेल, तर प्रश्न विचारण्याआधी सभेची जागा बदलून मागणे हाही पाठपुराव्याचाच भाग होय.

निर्णय कोणाचा

बौद्धिक किंवा मानसिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत पाठपुराव्याचा अर्थ सर्वांत नाजूक होतो. तिच्या वतीने आई, भाऊ किंवा चुलते बोलतात. कार्यालयातील कर्मचारीही तिच्याकडे न पाहता त्यांच्याशीच बोलतो. अधिनियमाचे कलम १३ मात्र दिव्यांग व्यक्तीला इतरांप्रमाणेच मालमत्ता बाळगण्याचा आणि स्वतःचे आर्थिक व्यवहार चालवण्याचा हक्क देते. कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे: ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळापुरते, आणि व्यक्तीशी विचारविनिमय करून. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालक नेमते.

या दोन कायद्यांचा सूर वेगळा आहे. पहिला निर्णयासाठी आधार देऊ पाहतो, दुसरा निर्णय घेणारी दुसरी व्यक्ती नेमतो. पैसे काढण्याची सोय व्हावी एवढ्यासाठी कुटुंबे पालकत्वाच्या प्रमाणपत्राकडे वळतात आणि ज्याच्या नावाचे अनुदान त्याला ते किती आले हेही कळत नाही, असे घडते. खात्यातील रक्कम त्या व्यक्तीला सोप्या शब्दांत सांगणे आणि तिच्या खर्चाबाबत तिला विचारणे, यासाठी कोणत्याही आदेशाची आवश्यकता नसते.

नकारानंतर

तोंडी नकारावर अपील करता येत नाही, म्हणून अर्जाची पोच आणि नकाराचे लेखी कारण मागण्यावर साहाय्याचा भर असतो. उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या अधिसूचित सेवेला विलंब झाल्यास महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार त्याच विभागात पहिले व दुसरे आणि त्यानंतर आयोगाकडे तिसरे अपील होते. माहिती अधिकार अधिनियम २००५ नुसार उत्तराची मुदत ३० दिवस असून शुल्क १० रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याची तोंडी विनंती लेखी करून घेण्यास मदत करणे हे जन माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे (कलम ६). ही तरतूद दृष्टिहीन आणि निरक्षर अर्जदारांसाठी फार उपयोगाची असूनही तिचा वापर कमी होतो.

विधि सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठीचा अर्ज तालुका न्यायालयातील विधि सेवा समितीकडे किंवा अलिबाग येथील जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. अधिनियमाचा भंग झाल्याची तक्रार पुणे येथील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे जाते. साक्षीदारांना बोलावणे आणि कागदपत्रे मागवणे याबाबत आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत.