शिक्षकाची सनद

मराठी माणसाला ‘सनद’ हा शब्द परका नाही. वतनाची सनद, इनामाची सनद, आणि इंग्रजी अमदानीत वकिलीची सनद. ज्याच्या हाती सनद असे, त्याचा अधिकार सरकारात मान्य होई आणि लोकांतही. परंतु ज्याच्या हाताखालून हे सगळे सनदधारी शिकून गेले, त्या शिक्षकाला सनद कोणी दिली, आणि तिच्याबरोबर त्याला प्रतिष्ठा मिळाली की नाही, या प्रश्नाचा इतिहास तितकासा सरळ नाही.

पेशवाईत विद्येचा गौरव होत नसे असे नाही. श्रावणमासात पुण्यास विद्वान शास्त्री जमत, त्यांची परीक्षा होई आणि योग्यतेप्रमाणे दक्षिणा मिळे. एका अर्थाने ती राजमान्यताच होती. परंतु ती संस्कृत पंडितांपुरती होती. गावच्या मुलांना धूळपाटीवर अक्षरे गिरवायला लावणारा, मोडी आणि उजळणी शिकविणारा पंतोजी या मांडवाच्या बाहेरच राहिला. पालक देतील ते धान्य, सणावारी मिळेल तो शिधा, यावर त्याचा चरितार्थ चाले. लोक त्याला नमस्कार करीत, पण त्याच्या विद्येची परीक्षा घेऊन तिच्यावर शिक्का उमटविणारा कोणी नव्हता.

तो शिक्का इंग्रजी राजवटीने आणला. 1826 च्या सुमारास मुंबईत तयार केलेले शिक्षक इलाख्यातील निरनिराळ्या गावी शाळा चालविण्यास पाठविण्यात आले. 1845 साली शिक्षक तयार करणारा वर्ग बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानाकडे सोपविण्यात आला. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी बाळशास्त्री निवर्तले. 1854 च्या वुडच्या खलित्याने शिक्षकांच्या शिक्षणावर भर दिला, विद्याखाते निघाले, आणि पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजची धुरा पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी वाहिली. पंतोजीचा आता ‘मास्तर’ झाला. ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडणाऱ्याच्या हाती प्रशस्तिपत्रक आले. मात्र ते देणारे, त्याला नोकरीस ठेवणारे, त्याची बदली करणारे आणि त्याचा पगार ठरविणारे खाते एकच होते. सनद आली, पण ती मालकाच्या हातची.

या व्यवस्थेतील उणीव ज्याने अचूक ओळखली तो पुरुष स्वतः शाळा चालविलेला होता. जोतीराव फुले यांनी 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली, आणि सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. 16 नोव्हेंबर 1852 रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला. याच वाड्यात 1821 साली दक्षिणा फंडातून संस्कृत पाठशाळा उघडली होती. तिथेच आता माळी समाजातील एका शिक्षकाच्या खांद्यावर शाल पडली, हा काळाचा मोठाच पालट होता. परंतु शालजोडी हा एका व्यक्तीचा गौरव असतो. तिने वर्गाची स्थिती बदलत नाही.

हे जोतीराव जाणून होते. 1882 साली हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शिक्षकाची स्थिती त्यांनी उघड्या डोळ्यांनी मांडली आहे. ट्रेनिंग कॉलेजातून आलेले शिक्षक थोडे, बाकीचे अशिक्षित. पगार क्वचितच दहा रुपयांच्या वर जाणारा. आणि जवळजवळ सर्वच शिक्षक एका वरच्या जातीतले, म्हणून शेतकऱ्याच्या मुलांशी त्यांचा जिव्हाळा जुळत नाही, असे त्यांचे निदान होते. उपायही त्यांनी सुचविले. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत. प्रसंगी नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास ज्यांना लाज वाटणार नाही असे ते असावेत. त्यांना शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान द्यावे. पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी पंधरा ते वीस असावा.

परंतु या निवेदनातील सर्वांत मार्मिक सूचना पगाराची नव्हे. गावच्या हिशेबांची तपासणी, दस्तऐवजांची नोंदणी, टपालाचे काम, स्टँपची विक्री अशा कामांत शिक्षकाला सहभागी करून घ्यावे, म्हणजे त्याचा दर्जा वाढेल, असे त्यांनी सांगितले. यामागचा विचार खोल आहे. गावात पाटील-कुलकर्ण्यांना मान होता, कारण त्यांच्यावाचून गावाचे काम अडत होते. शिक्षकावाचून ते अडत नव्हते. प्रशस्तिपत्रकाने योग्यता सिद्ध होते आणि पगाराने पोट भरते. पण गावाच्या कारभारात जागा मिळाल्यावाचून प्रतिष्ठा येत नाही, हे तत्त्व जोतीरावांनी त्या काळी ओळखले होते.

प्राथमिक शिक्षकाची ही कथा, तर विद्येच्या शिखरावर काय चालले होते? रामकृष्ण गोपाळ भांडारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे अध्यापन करीत असता, 1873 साली ते प्राध्यापकपद त्यांना डावलून पीटर पीटरसन यांना देण्यात आले. भांडारकरांच्या विद्वत्तेविषयी कोणालाच शंका नव्हती. 1885 साली जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली, आणि 1893 साली ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. परंतु कायम प्राध्यापकपदासाठी त्यांना 1882 पर्यंत, डेक्कन कॉलेजातील जागा मिळेपर्यंत, थांबावे लागले. खेड्यातील मास्तर आणि जगन्मान्य पंडित यांच्यात अंतर केवढे, पण दोघांचेही मोल ठरविणारा हात एकच होता.

याच काळात इतर व्यवसायांनी निराळी वाट धरली. 1912 च्या मुंबईच्या वैद्यकीय कायद्याने डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली, आणि ती सांभाळणाऱ्या मंडळावर व्यवसायातील मंडळींनी निवडलेले काही सभासद आले. 1926 च्या कायद्याने वकिलांच्या परिषदांना आधार मिळाला. 1961 पासून सनद देण्याचे काम त्यांच्याच हाती आले. ज्यांच्या विद्येला इंग्रजी पदवीची जोड नव्हती त्या वैद्य-हकिमांनाही 1938 च्या कायद्याने नोंदणीचा मार्ग मोकळा झाला. आपल्यात कोणाला घ्यावे आणि कोणाला वगळावे, हे ठरविण्यात ज्या व्यवसायाला वाटा मिळतो, त्याचा मान टिकतो.

शिक्षकांच्या बाबतीत हे घडूच शकत नाही, असे म्हणण्याचे कारण नाही. ग्लासगो शहरात 1961 साली अपात्र व्यक्तींच्या नेमणुकांविरुद्ध शिक्षकांनी संप केला. त्यातून चौकशी झाली आणि 1965 च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये शिक्षकांची स्वतंत्र परिषद स्थापन झाली. पात्र शिक्षकांची नोंदवही तीच ठेवते. त्यापाठोपाठ 5 ऑक्टोबर 1966 रोजी पॅरिस येथे शिक्षकांच्या दर्जाविषयीची आंतरराष्ट्रीय शिफारस संमत झाली. 1994 पासून तो दिवस जागतिक शिक्षकदिन म्हणून पाळला जातो.

महाराष्ट्रात मात्र पात्रतेच्या परीक्षा वाढल्या, तशी प्रतिष्ठा वाढली नाही. 2000 साली ‘शिक्षणसेवक’ ही योजना आली, आणि सर्व परीक्षा उत्तीर्ण झालेल्या शिक्षकालाही पहिली तीन वर्षे ठराविक मानधनावर काढावी लागू लागली. ‘मानधन’ या शब्दात मान आधी येतो आणि धन नंतर. व्यवहारात दोन्हींची टंचाई. गावातही शिक्षकाकडे शिरगणती आली, मतदारयाद्या आल्या. वरवर पाहता ही जोतीरावांचीच सूचना अमलात आली असे वाटेल. पण त्यांनी शिक्षकाला गावाच्या कारभारात अधिकार मागितला होता. त्याच्या वाट्याला आला तो हुकूम.

पंतोजी, मास्तर, गुरुजी, शिक्षक, शिक्षणसेवक अशी नावे बदलत गेली. यांपैकी ‘गुरुजी’ हे नाव तेवढे लोकांनी आपण होऊन दिलेले आहे, आणि म्हणूनच ते सर्वांत जास्त टिकले. सरकारने दिलेली सनद आणि लोकांनी दिलेला मान या दोन्ही गोष्टी शिक्षकाच्या पदरी आहेत. तिसरी गोष्ट अजून त्याच्या हाती आलेली नाही: स्वतःच्या व्यवसायाचे मोल ठरविण्यात स्वतःचा शब्द. 1882 च्या त्या निवेदनातील सूचनेचे मर्म हेच होते.