सांडग्याच्या आमटीचं वर्ष

आजचा भाग ऐकताना मागून कावळ्यांचा आवाज येईल, मध्येच कुणीतरी "अगं, तो कागद उडाला बघ" असं ओरडेल. कारण यातलं अर्धं रेकॉर्डिंग निगडीतल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर झालंय, एप्रिलच्या उन्हात. कंपनीच्या बसमध्ये ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिहिलेला भाग.

आपल्या गावाचा इतिहास सांगायचा म्हटलं की आपण काय सांगतो? १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली आणि देशात पेनिसिलीन बनायला लागलं. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी एकत्र करून नगरपालिका झाली. १९७२ मध्ये प्राधिकरण आलं आणि १९८२ च्या ऑक्टोबरात महानगरपालिका. मग भोसरीतून पुढे चाकणपर्यंत कारखाने पसरत गेले. हे सगळं खरं आहे, मी स्वतः मागच्या भागांत सांगितलंय. पण या कारखान्यांत जी माणसं तीन पाळ्यांत राबत होती, त्यांच्या घरात तेव्हा काय चाललं होतं? ते या यादीत कुठेच येत नाही. आज त्याबद्दल बोलू. आणि खरं सांगू का, मलाही हे या उन्हाळ्यातच कळलं.

झालं असं की आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चाललीय. पावसाळा संपला की घर रिकामं करायचं. नवीन टॉवरच्या गच्चीवर सोलर पॅनल असणार आणि दाराला कुलूप. आई म्हणाली, "मग यंदा शेवटचं वाळवण घालून घेऊ." आई आता पासष्टीच्या आसपास आहे, मनगटं दुखतात. मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत स्टोअर्स सांभाळते. सुट्टी शिल्लक होती, ती टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा आईच्या हाताखाली पूर्ण उन्हाळी काम केलं.

कुरडई खाल्लीय सगळ्यांनी. पण ती होते कशी माहितीये? गहू तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं. नाहीतर असा वास सुटतो की शेजारी दार वाजवतात. मग ते वाटून, गाळून त्याचा चीक काढायचा. चीक रात्रभर तळाशी बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून द्यायचं. पहाटे मोठ्या पातेल्यात पाण्याला उकळी आणून त्यात मीठ, हिंग आणि चीक घालून शिजवायचा, आणि सतत ढवळायचं. इथेच मनगटं जातात. मग गरम गरम चीक सोऱ्यात भरून प्लॅस्टिकच्या कागदावर घालत सुटायचं, कारण थांबलात तर तो घट्ट होतो. लहानपणी आमची ड्यूटी एकच असायची, कावळे हाकलणं. पगार म्हणजे वाटीभर गरम चीक, वर दूध आणि साखर.

हे सगळं एप्रिलच्या आसपासच का? आपल्याकडे तेव्हा हवा कोरडी असते आणि ऊन कडक. मे महिन्यात वळवाची एखादी सर आली की वाळत घातलेलं सगळं वाया. म्हणजे हातात मोजकेच दिवस, आणि त्यात बाजरीच्या खारोड्या, उडदाचे पापड, सांडगे, शेवया, बटाट्याचा कीस, सगळं उरकायचं. एकटीचं काम नाही ते. म्हणून ठरलेलं असायचं की आज तुझ्या घरचे पापड, उद्या माझ्या घरचे. प्रत्येकीने आपलं पोळपाट-लाटणं घेऊन यायचं.

आणि मंडळी, आमची गच्ची म्हणजे महाराष्ट्राचा नकाशा होता. आम्ही बीड जिल्ह्यातले, आष्टी तालुक्यातले, म्हणून आमच्या खारोड्या. पहिल्या मजल्यावरच्या काकू जळगावच्या, त्यांचे ज्वारीचे बिबडे. समोरच्या वहिनी कोकणातल्या. त्या माहेराहून फणसपोळी आणायच्या आणि म्हणायच्या, "इथलं ऊन बरं हो, आमच्याकडे दमटपणात सगळं चिकट होतं." साताऱ्याच्या आजींचे सांडगे. कोण कुठून या शहरात नोकरीला आलं, हे जनगणनेच्या तक्त्यात बघायची गरज नव्हती. गच्चीवर चादरी बघितल्या की कळायचं.

कारखान्याचं वेळापत्रक इथेही चालायचं बरं का. कुणाच्या घरी नाइट शिफ्ट करून आलेला माणूस झोपलाय, तर त्या दिवशी त्याच्या डोक्यावर पापडाचं पीठ कुटायचं नाही. कुणाची सेकंड शिफ्ट, तर तिने दुपारी दोनच्या आत डबा भरून द्यायचा आणि मग वर यायचं. बायकांचे गट पडायचे ते नवऱ्यांच्या पाळ्यांनुसार!

आता मुख्य गोष्टीकडे येते.

सांडगे घालत होतो. मटकीची आणि हरभऱ्याची डाळ भिजवून, मिरची-लसूण घालून भरड वाटायची आणि बोटांनी छोटे छोटे तोडून घालायचे. मी सहज म्हटलं, "आई, लहानपणी तू एका वर्षी सारखी सांडग्याची आमटी करायचीस. मला जाम आवडायची. नंतर का गं बंद केलीस?"

आई हात न थांबवता म्हणाली, "त्या वर्षी भाजीला पैसे नव्हते."

मी गप्पच झाले.

ते वर्ष १९९३. मी आठ वर्षांची. अण्णा भोसरीत ज्या कंपनीत होते, तिथे टाळेबंदी झाली आणि पाच महिने पगार नाही. मला एवढंच आठवत होतं की अण्णा दिवसा घरी दिसायला लागले होते आणि त्याचा मला आनंद झाला होता. बाकी मला काही कळलं नाही, कारण ताट कधी रिकामं नव्हतं. सोमवारी सांडग्याची आमटी, मंगळवारी पापडाची भाजी, मग कुरडयांची भाजी, मग परत आमटी. सांडगे थोड्याशा तेलावर परतायचे, कांदा-लसूण मसाला, पाणी, एक उकळी. मूठभर सांडग्यात चार माणसं जेवतात. मला वाटायचं, आई लाड करतेय.

मी रोज कंपनीत 'बफर स्टॉक' हा शब्द दहा वेळा वापरते. सप्लायरचा ट्रक तळेगाव-चाकण रोडवर अडकला तर लाइन थांबू नये म्हणून जो माल जास्तीचा ठेवतात, तो. आईने घरात तेच केलं होतं, आणि लाइन एक दिवसही थांबली नाही. चाकणच्या किल्ल्याची गोष्ट आपण एका भागात केली होती, आठवतंय? १६६० मध्ये शाइस्ताखानाच्या वेढ्यात फिरंगोजी नरसाळ्याने संग्रामदुर्ग दोन महिन्यांच्या आसपास लढवला. कुठलाही किल्ला लढवायचा म्हणजे आधी आत धान्य भरलेलं हवं. ते कोणी निवडलं, कोणी भरलं, त्यांची नावं बखरीत नसतात.

मी विचारलं, "तुला कसं कळलं की साठा लागेल?" तर म्हणाली, "बहात्तर पाहिलंय ना मी."

१९७२ च्या दुष्काळात आई अकरा वर्षांची होती. शाळा सुटली आणि ती तिच्या आईबरोबर दुष्काळी कामावर जायला लागली. बायका खडी फोडायच्या, पोरी पाट्या उचलायच्या. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो मिळायची, तिच्या भाकरी व्हायच्या. कामावरच्या मुलांना सुकडी मिळायची. त्या दुष्काळाने मराठवाड्यातली आणि नगर-सोलापूरकडची किती घरं उठून पुण्या-मुंबईकडे आली. आमचे अण्णाही त्यातलेच, १९७४ साली भोसरीत आले. आई १९७९ मध्ये लग्न होऊन आली. ती येताना काय घेऊन आली, तर घरात वाळलेलं काहीतरी असलं पाहिजे ही भीती. तीच आम्हाला १९९३ मध्ये पुरली.

अजून एक गोष्ट. माळ्यावरून सामान काढताना एक जुनी गोधडी निघाली. आमच्याकडे तिला वाकळ म्हणतात. वर आईच्या जुन्या नऊवारीचा तुकडा, आत साड्यांचे थर, आणि चारी बाजूंनी निळ्या जाड कापडाची पट्टी. कॉलेजला हॉस्टेलवर जाताना आई ही वाकळ देत होती आणि मी नेली नव्हती. "लोक ब्लँकेट वापरतात गं," असं म्हणाले होते. आज ती पट्टी नीट बघितली. अण्णांच्या कंपनीचा युनिफॉर्म आहे तो. टाळेबंदीत युनिफॉर्म घालायचा प्रश्नच नव्हता, म्हणून तिने तो फाडून किनार केली. त्या पाच महिन्यांत तिने दुपारी बसून लोकांच्याही गोधड्या शिवल्या. कडेने धावदोरा घालत घालत मध्यापर्यंत यायचं, एका गोधडीला दोन आठवडे. प्लॅस्टिक वायरच्या पिशव्याही विणल्या. ते पैसे आमच्या शाळेच्या फीला गेले. त्या पिशवीतून मी डबा न्यायचे. मला वाटायचं, आईला छंद आहे.

अण्णांना विचारलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी रोज गेटवर जाऊन बसायचो. घरात कसं भागतंय हे मी तेव्हा तिला विचारलंच नाही. विचारायची भीती वाटायची."

आता गंमत बघा. जनगणनेचा माणूस आमच्याकडे आला तेव्हा मी घरीच होते. त्याने विचारलं, "या काय करतात?" आई म्हणाली, "काही नाही, घरीच असते." त्याने तसं लिहिलं. त्याची चूक नाही, आपल्या जनगणनेत फक्त घरकाम करणारी बाई 'काम न करणारी' याच रकान्यात जाते. पण १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायका एका गच्चीवर ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या, त्यातून लिज्जत उभी राहिली. तेच उडीद, तेच लाटणं, तशीच गच्ची. तिथे तो उद्योग झाला, कारण पापड विकला गेला. आमच्या गच्चीवरचा पापड घरात खाल्ला गेला, म्हणून त्याची नोंद 'काही नाही'.

अलीकडे थोडं मोजायला लागलेत. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं की घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, आणि घरकामात हात लावणारे पुरुष ९७ मिनिटं. २९९ मिनिटं म्हणजे पाच तास, तेही साप्ताहिक सुट्टी न घेता. हा आकडा मी आईला वाचून दाखवला. ती हसली. "उन्हाळ्यात जास्त होतात," म्हणाली.

मी या वाळवणाचं गोडवं गात नाहीये, हे लक्षात घ्या. मनगटं किती दुखतात ते मला आता माहीत आहे. पुढच्या वर्षी मी हे सगळं करेन का? नाही करणार. चाकणची बस सकाळी साडेसहाला येते. पापड मी विकतच आणेन, आणि ते लाटणारीला तिचे पैसे मिळोत. पण माझ्या आईने काय केलं ते 'काही नाही' म्हणून संपू नये, एवढं मला वाटतं. या शहरातल्या कारखान्यांच्या मागे अशा हजारो गच्च्या होत्या, आणि आता एक एक करून त्या पाडल्या जातायत.

म्हणून तुमच्यासाठी छोटं काम. फोन तर हातातच आहे. आईला, आजीला, सासूबाईंना एकच प्रश्न विचारा: "घरात पैसे नव्हते तेव्हा आपण काय खाल्लं?" रेकॉर्डर चालू ठेवा आणि मध्ये बोलू नका. सुरुवातीला त्या म्हणतील, "काही नाही गं, भागवलं कसंतरी." तिथे थांबू नका, कसं भागवलं ते विचारा.

शेवटच्या दिवशी सांडग्यांचा डबा भरून झाला. मी डब्यावर चिकटपट्टी लावून वर्ष लिहिलं. आई म्हणाली, "हे तू सगळ्यांना सांगणार? यात कसला गं इतिहास?" मी म्हटलं, "आई, डब्याचं झाकण लाव, हवा लागेल."

ती वाकळ आता माझ्या पलंगावर आहे. एसी लावला की घेते.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, पाणी पीत राहा, आणि आज कोणी चीक दिला तर नाही म्हणू नका.