घरची शाळा आणि एक मराठी पुराण



शाळा म्हटली की इमारत, फळा नि मास्तर डोळ्यांपुढे उभे राहतात. आम्हांला अक्षरओळख झाली ती मात्र चाळीतल्या खोलीत. गिरणीतून पाळी करून आलेले वडील 'हरिविजया'ची पोथी उघडत आणि आम्ही त्यांच्या बोटामागून वाचत असू. म्हणून अशी घरची शाळा आणखी कोठे भरली होती, हे पाहण्याची आम्हांला ओढ लागली. ती सापडली गोव्याच्या व मंगळूरच्या कॅथॉलिक घरांत.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. नव्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या पोथ्या राज्यकर्त्यांनी व धर्मोपदेशकांनी बंद केल्या होत्या. आमची पुराणे नेलीत, तर त्यांच्या जागी काय देता, हा त्या लोकांचा प्रश्न होता. स्टीफन्सने उत्तर दिले ते मराठी ओव्यांत. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली सासष्टीतील राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. आधी पोथी हिरावून घ्यायची आणि मग पोथी द्यायची, यातला जुलूम आम्ही झाकून ठेवीत नाही. पण ओवी निवडण्यात मोठे शहाणपण होते. ओवी गाता येते, म्हणून पाठ होते. जिला अक्षर येत नाही ती आईही ती मुलाला शिकवू शकते.

पुढे २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज भाषा धरावी. पाद्री व मास्तर यांनीही त्याच भाषेत शिकवावे. फर्मान मास्तरांवर चालते, स्वयंपाकघरावर चालत नाही. सांजवेळी घरोघर तेर्साची प्रार्थना होत राहिली आणि कोकणी जगली.

गोव्यातून कानड्यात गेलेल्या कुटुंबांनी हे पुराण बरोबर नेले. १७८४ साली टिपूने तेथील हजारो ख्रिस्ती लोकांना पकडून श्रीरंगपट्टणास नेले. १७९९ पर्यंत त्यांना ना धड देऊळ, ना पाद्री. त्या बंदिवासात या पुराणानेच श्रद्धा तगवली, अशी मंगळूरच्या ख्रिस्ती समाजातील परंपरा आहे. नवल असे, की त्याच्या सतराव्या शतकातील तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हाताने उतरवलेल्या प्रती तेवढ्या उरल्या. त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले. छापखान्याला जे जमले नाही, ते घरांनी केले.

मग मुलांना घरीच शिकवावे काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे: नाही. त्या घरांनी भाषा राखली, श्रद्धा राखली; पण कचेरीचा दरवाजा त्यांना घरच्या ओवीने उघडून दिला नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा आपल्याकडे २००९ साली झाला. श्रमिकाने तो हक्क कधीही सोडू नये. मात्र मूल शाळेत घातले म्हणजे आपले काम संपले, असेही मानू नये.

आपल्या सोलापुरात घरोघर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलली जाते. त्या प्रत्येक घरात निदान एक पुस्तक असावे आणि दिवसभराच्या कामानंतर ते मुलांपुढे उघडणारा एक हात असावा. एवढेच आमचे मागणे आहे. आणि ते कोणा मालकाकडे नाही, आपल्याकडेच आहे.