लाखोळीवरचा आरोप

आहाराचा सल्ला विचारायला माझ्याकडे येणारे बरेच जण आल्याआल्याच यादी वाचून दाखवतात: वांगं बंद, शेंगदाणे बंद, अंडी बंद. कोणत्या दिवशी, किती खाल्ल्यावर काय झालं, हे मात्र सांगता येत नाही. त्यांना मी लाखोळी या डाळीचा इतिहास सांगते.

माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं. तिकडे धान उभं असतानाच बांधीत लाखोळी फेकतात. उरलेल्या ओलीवर ती वाढते. वेगळी नांगरट नको, पाणी नको. कोवळ्या पाल्याची भाजी होते, डाळीचं वरण आणि वडे होतात. पण याच डाळीवर माणसाला पांगळं केल्याचा आरोप फार जुना आहे. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ ग्रंथात त्रिपुट नावाने तिचा हा दोष नोंदलेला आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या स्लीमन या अधिकाऱ्याने मध्य भारतातल्या सागरकडची हकिगत 1844च्या पुस्तकात लिहिली. 1829मध्ये गारपिटीने गहू गेला, 1830मध्ये पाऊस वेळेवर आला नाही, 1831मध्ये पिकावर रोग पडला. तिन्ही वर्षं तगली ती फक्त लाखोळी. लोकांनी तीच खाल्ली आणि 1833मध्ये तिशीच्या आतल्या तरुणांचे कमरेखालचे अवयव लुळे पडू लागले. रीवा भागात तर मजुरीच या डाळीत मिळायची; तिथेही गरिबांचेच पाय गेले.

1961मध्ये केंद्राच्या नियमांनी विक्रीबंदीची वाट उघडली आणि अनेक राज्यांनी बंदी घातली. 1964च्या सुमारास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाण्यातलं मज्जातंतूंना मारक द्रव्य वेगळं काढलं. दोष दाण्यात आहे, हे सिद्ध झालं. पण तो भोवतो कधी? महिनोन्महिने जेवणाचा मोठा भाग हीच डाळ असते आणि सोबत दुसरं धान्य फारसं नसतं तेव्हा. नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारींनी वर्षानुवर्षं, उपोषणं करून, हाच मुद्दा लावून धरला. पुढे महाराष्ट्राने बंदी उठवली.

ॲलर्जीचा न्याय याहून वेगळा. हा शब्द व्हिएन्नाच्या पिर्के या बालरोगतज्ज्ञाने 1906मध्ये दिला. 1921मध्ये प्राउस्निट्झने मासे न सोसणाऱ्या आपल्या सहकाऱ्याचा, क्युस्टनरचा, रक्तद्रव स्वतःच्या कातडीत टोचला. दुसऱ्या दिवशी माशाचा अर्क टोचल्यावर नेमकी तीच जागा सुजली. मासा निर्दोष होता. फरक क्युस्टनरच्या रक्तात होता. लाखोळी पुरेशी खाल्ली तर कोणालाही बाधू शकते. शेंगदाण्याचा एक दाणा मात्र घरातल्या एकाच्याच जिवावर बेततो आणि बाकीचे मजेत खातात.

म्हणून माझं सांगणं एवढंच. काही बाधलं तर कोणी खाल्लं, किती खाल्लं, किती वेळाने त्रास झाला आणि ताटात आणखी काय होतं, हे लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. ओठ सुजले, श्वास अडकला तर लगेच दवाखाना गाठा. तो पदार्थ घरी पुन्हा खाऊन पाहू नका. लाखोळी खायचीच तर गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेका, दुसऱ्या डाळींबरोबर आणि अधूनमधूनच खा. पुरावा नसताना मात्र लेकरांच्या ताटातलं अन्न काढून घेऊ नका.