जुन्या घराची नवी आखणी

वडवणीसह मराठवाड्यातील जुने घर खणांत मोजले जाई. दोन तुळयांमधील जागा म्हणजे एक खण. नूतनीकरण करताना प्रथम खण, खांब व भिंती यांचा मोजमापांसह नकाशा काढावा. माळवद गळू नये म्हणून वर्षानुवर्षे मातीचे थर चढविले जातात आणि छताचे वजन वाढत जाते. ते काही घरांत लाकडी खांब पेलतात, तर काही घरांत दगडमातीच्या भिंती. त्यामुळे अभियंत्याने तपासल्याविना कोणतीही भिंत पाडू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच जड घरांखाली हजारो लोक गाडले गेले.

दालनांची विभागणी त्यानंतर करावी. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार घरातील किमान एक खोली ९.५ चौरस मीटरची व २.४ मीटर रुंद असावी. स्वयंपाकघर व न्हाणीघर लगत ठेवल्यास नळ आणि सांडपाण्याची व्यवस्था सोपी होते. जागा वाढविण्यासाठी चौक मात्र झाकू नये. माजघराला उजेड आणि वारा तेथूनच मिळतो. बांधकामापूर्वी नगरपंचायतीची परवानगी घ्यावी.